पलटण राहते

नदीवर पूल घालणाऱ्या पलटणीत त्याला सगळे नावाडी म्हणत. तोंडावर मेजरसाहेब, पाठीमागे नावाडी, आणि त्याला स्वतःला पाठीमागचंच नाव जास्त आवडायचं. साधा शिपाई म्हणून तो भरती झाला होता. खात्याच्या परीक्षा देत, नापास होत, पुन्हा बसत तो वर चढला आणि ज्या पलटणीत त्याने दोरखंड ओढले होते तिचाच प्रमुख झाला. उंची बेताची, मान आखूड, पण खांदे असे की दारातून आधी खांदे आत जायचे आणि मग बाकीचा माणूस.

पलटण लहान होती आणि काम एकच. लोखंडी होड्या ट्रकवरून उतरवायच्या, पाण्यात सोडायच्या, नांगर टाकून प्रवाहात आडव्या धरायच्या, एकीला एक जोडायच्या आणि वर फळ्या अंथरायच्या. मग त्यावरून रणगाडे पलीकडे जायचे. सांगायला सोपं, करायला अख्खी सकाळ. पाणी चढलं की नांगर घसरायचा, दोर हातातून सुटायचा, तळव्यांची साल निघायची. नावाडी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचा, "बाबांनो, आपला पूल बांधून होईपर्यंत लढाई चहा पिऊन घरी जाते. तेव्हा जरा हात चालवा." पोरं हसायची आणि हात चालवायची. हे वाक्य पलटणीत इतकं मुरलं होतं की स्वयंपाकी भात उशिरा उतरवायचा तेव्हाही कुणीतरी म्हणायचं, "लढाई घरी गेली रे!"

त्याला या पलटणीत आणलं ते दाजींनी. आई लवकर गेली, तेव्हापासून थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं होतं. ताईचं लग्न एका तरुण अधिकाऱ्याशी ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली होती, धाकटा माझ्याबरोबर येईल. दाजी पुढे गमतीने सांगायचे, "मला बायकोवर मेहुणा फुकट मिळाला, आणि खातो दोघांचं." दाजींच्या सरकारी घरातल्या मागच्या खोलीत तो लहानाचा मोठा झाला. दाजी किडकिडीत, हळू बोलणारे. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधायचे. रात्रीचं जेवण झालं की टेबल पुसायच्या आधीच कप, चमचे, मिठाची डबी मांडून दाखवायचे: हा डोंगर, ही नदी, हा शत्रू. आता तू काय करशील? तो जे सांगेल ते दाजी एका चमच्याने उधळून लावायचे. त्याला हरण्यातही मजा यायची. आपल्याला कुणीतरी एवढा वेळ देतंय, याची ती मजा होती.

दाजी स्वतः फौजेच्या पुढे फार काळ चालले नाहीत. त्यांचं काम विचार करण्याचं होतं. ते लष्करी महाविद्यालयात शिकवत, लेख लिहीत, आणि हळूहळू त्यांच्या नावाच्या आधी वर्तमानपत्रं ‘रणनीतीकार’ असं लिहू लागली. मग नवं सरकार आलं आणि सगळ्या सेनादलांची घडी नव्याने बसवण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जमिनीवरची फौज, समुद्रावरचं दल आणि हवाई दल म्हणजे एका घरात तीन चुली. प्रत्येकाची कोठारं वेगळी, नकाशे वेगळे, बिनतारी यंत्रंही वेगळी. हे सगळं मोडून तिघांचे मिळून संयुक्त विभाग करायचे, एका विभागाला एकच प्रमुख द्यायचा, आणि जे काम यंत्र करू शकतं ते यंत्राला द्यायचं.

नावाड्याला हे मनापासून पटलं होतं. एका सरावात मदतीला आलेल्या विमानाने धुराचे गोळे शत्रूच्या काठावर टाकायचे, ते पलटणीच्या स्वयंपाकघरावर टाकले होते. विमानाशी थेट बोलायची सोय नव्हती. निरोप दोन मुख्यालयं फिरून पुन्हा पलटणीकडेच आला, आणि वर शेरा होता, ‘कृपया खुलासा करावा’. शेवटी उस्तादांनी बनियन काढून हवेत फिरवलं, तेव्हा कुठे वैमानिकाच्या लक्षात आलं. उस्ताद म्हणजे पलटणीतले सगळ्यात जुने हवालदार. नव्या पोरांना पाणी शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि नावाड्यालाही गाठी मारायला त्यांनीच शिकवलं होतं.

पुनर्रचनेची बातमी आली तशी पलटणीत कुजबुज सुरू झाली. कोण म्हणे आपल्याला मोडणार, कोण म्हणे दुसरीकडे जोडणार. त्याच सुमारास दाजी पलटण बघायला आले. उपड्या होडीवर बसून त्यांनी सगळ्यांबरोबर चहा घेतला. कुजलेल्या फळ्या हाताने दाबून पाहिल्या. नांगर का घसरतो, जोड कुठे अडकतात, पूल घालायला एवढा वेळ का लागतो, सगळं विचारलं. नावाड्याने काही झाकलं नाही. घरच्या डॉक्टरला दुखणं सांगावं तसं सांगितलं. ते प्रसिद्ध वाक्यही सांगितलं. दाजी इतके हसले की कपाळावरचा चष्मा खाली मांडीवर पडला.

"मोठा माणूस आहे," दाजी गेल्यावर उस्ताद म्हणाले. "आमच्यात बसून चहा प्यायला."

"माझे दाजी आहेत," नावाडी म्हणाला. त्याची छाती फुगली होती, आणि ती लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

पुढच्याच महिन्यात अभियांत्रिकी दलातून विचारणा आली. नवं प्रशिक्षण केंद्र निघत होतं, अनुभवी माणसं हवी होती. पलटणीतल्या बऱ्याच जणांनी जायचं मनात आणलं. उस्तादांना तर शिक्षकाचीच जागा देऊ केली होती. निवृत्तीचं वय वाढणार होतं, राहायला घर मिळणार होतं. उस्ताद विचारायला आले.

"साहेब, पलटण राहणार असेल तर मी हलत नाही. मोडणार असेल तर आत्ताच जातो. तुम्हाला काही कळतं का?"

"कळतं का काय, विचारूनच सांगतो," नावाडी म्हणाला आणि रविवारी बायकोला घेऊन ताईकडे जेवायला गेला.

जेवताना त्याने सरळच विचारलं, "दाजी, पलटण राहते ना?"

ताई पाणी आणायला उठली. दाजींनी घास संपवला, तोंड पुसलं.

"पलटणीत फार कुजबुज आहे?"

"आहे. निम्मे जण जायच्या तयारीत आहेत."

"मोठा सराव तोंडावर आहे. संयुक्त विभागाची पहिली परीक्षा. पूल लागणार, आणि पूल तुम्हीच घालणार. आत्ता माणसं गेली तर सगळंच बोंबललं." दाजी पुढे झुकले. "त्यांना सांग, पलटण राहते. यंत्रं नवी येतील, माणसं हीच राहतील."

"तुमच्या नावावर सांगू?"

"माझं नाव कशाला? तू सांग. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे."

परत येताना गाडीत बायको म्हणाली, "ताई आज जेवल्या नाहीत नीट."

"उकाडा आहे," तो म्हणाला. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, त्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याने पलटण मैदानावर उभी केली आणि सांगितलं. फार बोलला नाही. "पलटण राहते. मी सांगतोय." तेवढं पुरलं. कुणी प्रश्न विचारला नाही. उस्तादांनी त्याच दिवशी अभियांत्रिकी दलाला नकार कळवला. बाकीच्यांनीही.

सरावाच्या दिवशी नदी फुगलेली होती. पलीकडच्या वळणावर दुसरी एक तुकडी आपलं काहीतरी घेऊन उभी होती, मोठाल्या गाड्या, त्यावर घड्या घातलेलं लोखंड. परदेशातून चाचणीला आणलेलं यंत्र आहे, एवढंच नावाड्याला सांगितलं होतं. त्याने तिकडे पाहिलंही नाही. त्याची माणसं त्या दिवशी पेटली होती. पलटण राहते म्हटल्यावर प्रत्येकाला वाटत होतं की आपण राहण्याच्या लायकीचे आहोत हे दाखवून द्यावं. नांगर एकदा घसरला तर चौघे जण कपड्यांसकट पाण्यात उतरले आणि त्यांनी खांद्यांनी होडी धरून ठेवली. उस्ताद कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून शिव्या देत होते, आणि त्या शिव्यांच्या तालावर फळ्या पडत होत्या. पलटणीच्या सगळ्या आयुष्यात एवढ्या कमी वेळात पूल कधी झाला नव्हता. पहिला रणगाडा पलीकडे चढला तेव्हा पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती. नावाड्याने उस्तादांना मिठी मारली. दोघांच्याही तळव्यांतून रक्त येत होतं.

नंतर सरावाचा आढावा झाला. मोठं सभागृह, पुढे मंत्री, मग तिन्ही दलांचे अधिकारी, आणि मागच्या रांगांत ज्यांनी सरावात भाग घेतला त्या पलटणींची माणसं. नावाडी मध्ये कुठेतरी बसला होता. त्याच्या मागे दोन रांगा सोडून उस्ताद आणि पोरं, इस्त्री केलेल्या गणवेशात. आपलं कौतुक होणार म्हणून आलेली.

दाजी व्यासपीठावर उभे राहिले. दिवे मंद झाले आणि पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी चालू झाली. डावीकडे ती मोठाली गाडी होती. ती काठावर आली, तिच्या पाठीवरचं लोखंड उलगडलं, पाण्यात उतरलं, दुसऱ्या गाडीच्या लोखंडाला जाऊन मिळालं. गाडीतली माणसं उतरलीसुद्धा नाहीत. पूल झाला. त्यावरून रणगाडे गेले आणि चित्र थांबलं. उजवीकडे त्याची पलटण अजून होड्या उतरवत होती. डावीकडचं काम संपलं तरी उजवीकडे माणसं पाण्यात उड्या मारत होती, ओरडत होती, घसरत होती. आवाज नव्हता. आवाज नसल्यामुळे उस्तादांचं हातवारे करणं विदूषकासारखं दिसत होतं. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.

"या माणसांच्या मेहनतीबद्दल शंका नाही," दाजी त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले. "पण मेहनत म्हणजे क्षमता नव्हे. आणि हे माझं मत नाही. याच पलटणीतले एक अनुभवी अधिकारी स्वतः म्हणतात, आमचा पूल बांधून होईपर्यंत लढाई चहा पिऊन घरी जाते."

सभागृह खदखदून हसलं. मंत्रीही हसले. मागे बसलेली त्याची माणसं मात्र हसली नाहीत. नावाड्याने मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती. ते वाक्य कुणाचं हे मागे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

हशा ओसरल्यावर दाजींनी पुनर्रचनेत बंद होणाऱ्या पलटणी वाचून दाखवल्या. पहिली त्याचीच होती.

बाहेर पडताना गर्दीत उस्ताद समोर आले. उस्तादांनी सलाम केला, नियमात बसेल असा, कोपर नेमकं खांद्याच्या रेषेत. एवढ्या वर्षांत त्यांनी त्याला असा परक्यासारखा सलाम कधी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाजींच्या घरी गेला. दाजी अभ्यासिकेत होते, जणू त्याचीच वाट बघत.

"बस."

तो बसला नाही. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून." दाजींनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "तू ते यंत्र पाहिलंस. मला सांग, माझा निर्णय चुकला का?"

"नाही."

"मग?"

"निर्णयाचं विचारतच नाहीये मी. पलटण मोडायची होती तर मोडायची. मला सांगायचं होतं. माझ्या तोंडून तुम्ही ‘पलटण राहते’ का वदवून घेतलंत?"

"कारण दुसऱ्या कुणाचं त्यांनी ऐकलं नसतं."

दाजींनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की नावाड्याला क्षणभर काही कळलंच नाही. मग पायाखालची जमीन हळूहळू खचावी तसं कळत गेलं. तो उपड्या होडीवरचा चहा, ती विचारपूस, ते जेवण, सगळं.

"हे बघ," दाजी म्हणाले, "माणसं गेली असती तर तुलनेला तुमचा पूलच नसता, आणि सराव बिघडला असता तर ही पुनर्रचना आणखी दहा वर्षं लांबली असती. उद्या युद्ध झालं तर त्या दहा वर्षांपायी किती माणसं मेली असती याचा हिशेब मला करावा लागतो. रणनीतीकाराला मेहुणा नसतो. समोरच्याला काय कळू द्यायचं आणि काय नाही, यावरच माझं सगळं काम चालतं."

"मी समोर नव्हतो, दाजी," तो म्हणाला. "मी तुमच्या शेजारी बसून जेवत होतो."

दाजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"संयुक्त मुख्यालयात तुझ्यासाठी जागा ठेवली आहे," ते पुसता पुसता म्हणाले. "चांगली आहे. मी सुरुवातीलाच ठरवलं होतं, तुझं नुकसान होऊ द्यायचं नाही."

"येतो, सर," नावाडी म्हणाला.

तो ‘सर’ खोलीत तसाच राहिला आणि हा बाहेर पडला.

फाटकापाशी ताईने त्याला गाठलं. तिचे डोळे सुजलेले होते. "थांब रे. माझ्याशी तरी बोल."

"तुला माहीत होतं?"

तिने पदराने डोळे पुसले.

"तू टेबलावर विचारलंस ना, पलटण राहते ना म्हणून," ती म्हणाली, "तेव्हा मला तिथं बसवेना. पाणी आणायला म्हणून उठले. पाण्याचा जग भरलेलाच होता."

"एक शब्द, ताई. स्वयंपाकघरात बोलावून एक शब्द सांगितला असतास."

"त्यांनी शपथ घातली होती मला."

"आणि मी?"

ताईने त्याच्या दंडाला हात लावला. त्याने तो झटकला नाही, पण थांबलाही नाही. लहानपणी ताप आला की तिचा हाच हात कपाळावर असायचा. दाजींनी केसाने गळा कापला होता, पण त्यांचं कामच ते, असं एखादे वेळी स्वतःला समजावता आलं असतं. ताईसाठी त्याला कुठलीच सबब सापडत नव्हती.

पलटण मोडायच्या आधल्या दिवशी होड्यांच्या गोदामाच्या दारावर कुणीतरी खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘पलटण राहते’. नावाड्याने ते वाचलं. पहारेकरी घाईघाईने फडकं घेऊन पुसायला धावला.

"राहू दे," नावाडी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी झेंडा उतरवून त्याची घडी घातली गेली. तो मैदानात उभा राहून प्रत्येकाशी हात मिळवत गेला. माणसांनी हात दिले. कुणी वाईट बोललं नाही. एकदोघे तरुण पोरं रडली. पण कुणाचीच पकड त्याला ओळखीची वाटली नाही. उस्तादांना आणि त्यांच्या वयाच्या सगळ्यांना मुदतीआधीच निवृत्ती दिली होती, कारण अभियांत्रिकी दलातल्या जागा केव्हाच भरून गेल्या होत्या.

घरी येऊन त्याने गणवेश काढून खुर्चीवर फेकला. "राजीनामा देतो," तो बायकोला म्हणाला. "त्यांची खुर्ची नको मला. लोक म्हणतील पलटण विकून बसला."

"ते तर आत्ताच म्हणतायत," बायको म्हणाली. ती भाजी निवडत होती, मानही वर केली नाही. "अहो, तुम्ही घरी बसून रुसलात तर कोणाचं भलं होणार? माझं तर अजिबात नाही, तुम्ही दिवसभर पायात याल. तिथं बसलात तर बदल्यांचे कागद तुमच्या टेबलावरून जातील. पोरांना कुठं टाकतायत ते तरी कळेल."

रात्रभर त्याचं मन मानेना. सकाळी तो गेला.

संयुक्त मुख्यालयात त्याला तळमजल्यावरची खोली मिळाली. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसायचा. दाजी वरच्या मजल्यावर. तिथं त्याने पुढची काही वर्षं दुसरं काहीच केलं नाही म्हटलं तरी चालेल. पलटणीतलं एकेक पोरगं शोधून त्याला पाण्याशी नातं असलेल्या कामावर लावायचं, हाच त्याचा धंदा. कुणाला बंदरावर, कुणाला पूरनियंत्रणात, दोघांना तर त्या नव्या यंत्राच्या पुलावरच. त्यासाठी तो लोकांच्या दारात बसला, नको त्या माणसांशी गोड बोलला, दुसऱ्यांची कामं अंगावर घेतली. पोरांना हे कळलं नाही. कळावं असा त्याचा आग्रह नव्हता, पण रात्री कधीतरी वाटायचं, एखाद्याला तरी कळायला हवं होतं. उस्तादांसाठी मात्र त्याला काही करता आलं नाही. निवृत्त माणसाची बदली होत नाही.

लिफ्टमध्ये एकदा दाजी आणि तो दोघेच होते.

"अरे, घरी तरी दाजी म्हण," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता.

"घरी आलो की म्हणेन, सर."

तो घरी गेला नाही. ताई कधीमधी त्याच्याकडे यायची. तो तिला चहा करून द्यायचा, गुडघ्यांची चौकशी करायचा, बसस्टॉपपर्यंत सोडायचा. मागचं काही निघालं की बायको मुद्दाम काहीतरी वायफळ बोलायची.

एका वर्षी मोठा पूर आला आणि शहराबाहेरचा रस्त्याचा पूल वाहून गेला. पलीकडे रुग्णालय होतं. नावाडी मुख्यालयाच्या गाडीतून पाहायला गेला. नवं यंत्र काठावर आलं, उलगडलं, आणि बघता बघता रुग्णवाहिका पलीकडे जाऊ लागल्या. हवाई दलाचं हेलिकॉप्टर वरून थेट पुलावरच्या माणसाशी बोलत होतं, कुणालाही बनियन फिरवावं लागलं नाही. एका रुग्णवाहिकेत एक बाई मूल छातीशी धरून बसली होती. त्याची पलटण असती तर ती अजून काठावरच असती, हे त्याला स्वच्छ दिसलं. पूल चांगला होता. दाजींचा विचार खरा होता. हे मान्य करून त्याला हलकं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. विचार एवढा खरा होता, तर त्याला खोट्याची गरज का पडावी, हेच त्याला परत येताना सबंध वाटभर कळत नव्हतं.

त्यानंतर त्याने उस्तादांना शोधून काढलं. उस्ताद नगरपालिकेच्या जलतरण तलावावर मुलांना पोहायला शिकवत होते. दुपार होती, क्लोरीनचा वास दरवळत होता. उस्ताद काठावर उकिडवे बसले होते, गळ्यात शिट्टी, केस पार पांढरे. त्याला पाहून ते उठले.

"साहेब."

"उस्ताद, एकच सांगायला आलोय. मला माहीत नव्हतं. मलाही फसवलं गेलं होतं."

उस्तादांनी एका मुलीला हातवारे करून पाय मारायला सांगितले. मग त्याच्याकडे वळले.

"तुम्हाला माहीत नव्हतं हे आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, साहेब. सभागृहात तुमची मान पाहिली आम्ही मागून. मोडलेल्या माणसाची मान होती ती."

"मग राग कसला? पोरं माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही बोलत नाही."

उस्तादांनी गळ्यातल्या शिट्टीची दोरी सरळ केली. "तुम्ही म्हणाला होतात, पलटण राहते, मी सांगतोय. आम्ही त्या ‘मी’वर थांबलो. तुमच्या दाजींनी सांगितलंय असं म्हणाला असतात, तर आम्ही विचार केला असता. मोठ्या माणसाचं बोलणं कसं असतं ते आम्हाला कळतं. तुम्ही दुसऱ्याच्या भरवशावर स्वतःचा शब्द दिलात."

त्यांनी ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"पोरांच्या बदल्या तुम्ही करून दिल्यात," उस्ताद पुढे म्हणाले. "बंदरावरचा पोरगा आला होता मध्ये, बदली तुम्हीच केलीत का अशी त्याला शंका होती. मी म्हटलं, शंका कसली, दुसरं कोण करणार."

"मग?"

"मग काय? ते चांगलं केलंत." त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली, पुन्हा खाली घेतली. "इथून जाता येता कधी भेटलात तर बोलेन मी, साहेब. पण मुद्दाम येऊ नका."

तलावात कुणीतरी नाकात पाणी जाऊन ठसकलं. उस्ताद वळले, वाकले, हात पुढे केला आणि मुलाला दंडाला धरून काठावर ओढलं. नावाडी ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत बाहेर आला.

त्याच वर्षाच्या शेवटी त्याने निवृत्ती घेतली. दाजींनी निरोपाच्या भाषणात त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं ठरवलं होतं, म्हणून त्याने निरोप समारंभच ठेवू दिला नाही. आपल्या टेबलावरची पेनं, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून, शिपायाशी हात मिळवून तो मागच्या दाराने घरी गेला.